कव्हरवर पुढे बसलेले काका

मित्रांनो, मी गाण्याच्या एका जुन्या रेकॉर्डचं पुठ्ठ्याचं कव्हर आहे. रंग विटला, एक कोपरा उंदरांनी कुरतडला, पण माझ्यावरचा फोटो शाबूत आहे. त्यात व्हायोलिनवर मान टेकवून डोळे मिटलेले एक काका दिसतात. ज्यांची ही रेकॉर्ड, त्या गायिकाबाई मात्र मागे, अंधुक.

काका वीस वर्षं बाईंच्या साथीला होते. बाईंचा सूर जरा डळमळला की ते अलगद सावरून घेत. टाळ्या बाईंना मिळत. काकांकडे कुणाचं लक्षही नसे. रेकॉर्डसाठी फोटो काढायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पुढे बसा. मी मागे उभी राहते."

काका ओशाळले. "अगं, लोक माझं तोंड बघून परत जातील!"

"जाऊ देत. माझं गाणं कुणाच्या आधारावर उभं आहे, ते मला गाऊन सांगता येत नाही. फोटो सांगेल."

कंपनीचे साहेब भडकले. "असल्या कव्हरची रेकॉर्ड निघणार नाही!"

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या. महिनाभर काम अडलं. शेवटी साहेबच नमले आणि माझा जन्म झाला.

शाई वाळताच बाईंनी मला काकांच्या घरी पोचवलं. काकूंनी आधी हात कोरडे केले, मग मला धरलं. "घरात कधी एवढे शांत दिसला नाहीत हो!" म्हणत त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या.

पुढच्या कार्यक्रमात गाणं संपल्यावर लोक ओरडले, "कव्हरवरचे काका, उभे राहा!" काकांनी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावताहेत म्हणून! ही हकीकत काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, म्हणून मलाही पाठ झाली.

वर्षं सरली. रेकॉर्ड फुटली, काका-काकू गेले, माझी रवानगी माळ्यावर झाली. एकदा आवराआवरीत कुणीतरी म्हणालं, "रिकामा पुठ्ठा, टाकून दे."

"रिकामा?" काकांची लेक म्हणाली. "बाबा आहेत त्यात." तिने माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्याला कागद चिकटवला आणि ती व्हायोलिन शिकवते त्या खोलीत मला ठेवलं. तिचे आणि बाईंचे उपकार कसे विसरू?

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कव्हर हाती आलं की ते उलटूनही बघा. माझ्याही पाठीवर बारीक अक्षरांत चार नावं आहेत: तबला वाजवणारे, आवाज टिपणारे, फोटो काढणारे, छापणारे. ती एकदा मोठ्याने वाचा. मग मला दोन्ही हातांनी, सावकाश, जागेवर ठेवा.