ताईंनी छान म्हटलेली पँट

ताईंच्या पोटात दुखत होतं, आणि ते औषधानं बरं होणारं नव्हतं. बेसबॉलच्या अंतिम सामन्याला होम प्लेटच्या मागे, म्हणजे मुख्य पंचाच्या जागी, मंडळानं त्यांच्या भावजयीला उभं केलं होतं. ताई पहिल्या बेसपाशी, दुय्यम पंच. जिला त्यांनी स्वतः बोटाला धरून मैदानावर नेलं, स्ट्राइक कशाला म्हणतात इथपासून शिकवलं, ती मानाच्या जागी आणि या बाजूला. आधी धाकटा भाऊ नेला, आता प्लेटही नेली. वर बया इतकी गोड बोलायची, की चिडायचीही सोय नाही.

त्यातच तिचा फोन आला. "ताई, दर वेळी तुमचाच मास्क, तुमचेच गार्ड किती वापरू? या वेळी स्वतःचं घेते म्हणते. याल ना दुकानात? मला यातलं काही कळत नाही."

कळत नाही म्हणे! अंतिम सामना बरा मिळवता आला. पण नाही तरी कसं म्हणणार? ताई गेल्या.

दुकानात मात्र त्यांनी हातचं काही राखलं नाही. मास्क घालून तिला मान गदागदा हलवायला लावली, जाळी नाकाला लागतेय म्हणून दुसरा मागितला. चेस्ट गार्ड गळ्याच्या हाडांपर्यंत पोचतो का, ते बोटांनी दाबून पाहिलं. ताई दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. कुठलं हाड किती सहज तडकतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. नडगीचे गार्ड तर त्यांनीच निवडले, गुडघ्यापासून पावलापर्यंत झाकणारे. "बॅटला चाटून आलेला चेंडू थेट इथे बसतो," त्या म्हणाल्या.

मग पँटची पाळी आली. मुख्य पंचाची पँट पायात ढगळ असते, कारण हे गार्ड तिच्या आत बांधायचे असतात. बेसवरच्या पंचाची अंगाबरोबर. दोन्ही एकाच दांडीवर, एकाच करड्या रंगाच्या. भावजयीनं नेमकी अंगाबरोबरची उचलली, गार्ड न बांधताच घातली आणि आरशापुढे वळून वळून पाहू लागली. मेलीला दिसतही होती शोभून. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता.

"कशी वाटते, ताई?"

एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते ताईंच्या जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात त्यांना सामन्याचा दिवस दिसला. गार्डवरून पँट चढत नाहीये, आणि भावजय रडकुंडीला येऊन म्हणतेय, ताई, आता तुम्हीच उभ्या राहा.

"छान दिसतेय," ताई म्हणाल्या.

घरी घालून बघेल, कळेल तिचं तिला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शिडीवरून पडलेला रंगारी आला. पडद्यावर त्याच्या नडगीच्या हाडात केसासारखी बारीक रेघ होती. ताईंना भावजय आठवली. पँट चढली नाही म्हणून ही हट्टानं गार्डशिवायच उभी राहिली तर? त्यांनी फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. सामन्यापर्यंत रोज हेच चाललं. सामन्याच्या दिवशी निघताना त्यांनी आपलं सगळं सामान बॅगेत भरलं, ढगळ पँटसकट. आपलं असावं जवळ, असं नवऱ्याला सांगितलं.

कपडे बदलायच्या खोलीत भावजयीनं नडगीला गार्ड बांधले आणि बॅगेतून पँट काढली. ती चांगली ढगळ होती. गार्डवरून सरकन चढली.

ताई बघतच राहिल्या. "ही ती नव्हे."

"बदलून आणली, दुसऱ्याच दिवशी."

"गार्ड बांधून घालून पाहिलीस वाटतं?"

"नाही." भावजय वर न बघता बोलत होती. "तुम्ही छान म्हणालात ना. लग्न झाल्यापासून माझ्या अंगावरच्या एकाही कपड्याला तुम्ही छान म्हटलेलं नाही, ताई. म्हणून दुकानदाराला जाऊन विचारलं, हिच्यात खोट काय आहे."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घरी सांगितलंस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही."

दोघी मैदानात उतरल्या. पहिल्याच डावात एक चेंडू बॅटला चाटून आला आणि भावजयीच्या नडगीवर टक्कन बसला. पहिल्या बेसपाशी ताईंचाच पाय उचलला गेला. भावजय जागची हलली नाही. तिनं शांतपणे दोन्ही हात वर करून फाऊल दिला, अगदी ताईंनी शिकवला तसा, आणि ताईंना तेच झोंबलं. जळत तर होतंच अजून आत. पण ती दोन पायांवर धड उभी होती, याचं इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले.

डाव संपताच त्या ताडताड प्लेटपाशी गेल्या. भावजयीनं मास्क काढला. ती सावध उभी होती.

"वाकतेस तेव्हा मास्क खाली घसरतोय तुझा," ताई म्हणाल्या. "मागचा पट्टा ढिला आहे. आणि शर्ट कुठला घेतलास हा? खांद्यात लोंबतोय नुसता, बुजगावण्याला घातल्यासारखा. अजिबात बरा दिसत नाही."

भावजयीनं मास्क पुन्हा चढवला आणि ताईंकडे पाठ केली.

"आवळा मग," ती म्हणाली.