सतरा नंबरची भीती

लेकीने बाबांना खालच्या खोलीत आणून टेकवलं तेव्हा तीन गोष्टी बजावल्या. बाथरूमला एकट्याने जायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि खिडकीपलीकडच्या घोरपडीशी एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या दोन बाबांनी कशाबशा आठवडाभर पाळल्या. तिसरी त्यांनी त्याच दुपारी मोडली.

बाबांचा खुबा मोडला होता. चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात, कोरड्या फरशीवर, काहीही कारण नसताना ते पडले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि यावर नातेवाईक इतके हसले की बाबांना ऑपरेशनपेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला. लेकीकडे तळमजल्यावर एकच खोली होती. तीही खरं तर तिच्या कामाची. शहरात कुठे साप गोंदाच्या सापळ्याला चिकटला, कुठे कासवाच्या पाठीवरून गाडी गेली, कुठे घोरपड नळात अडकली की लोक हिला फोन करायचे. ही जायची, सोडवून आणायची, जनावरांच्या डॉक्टरकडून टाके घालून घ्यायची आणि धडधाकट होईपर्यंत सांभाळायची. घराच्या मागच्या बाजूला तिने मोठा जाळीचा पिंजरा बांधला होता. बाबांच्या खोलीला खिडकी एकच, आणि ती नेमकी त्या पिंजऱ्यात उघडायची.

"जाड पडदा लावलाय. तो सरकवायचा नाही," लेक म्हणाली.

"मग मी बघू काय दिवसभर? भिंत?"

"भिंत बघा, रेडिओ ऐका, काहीही करा. तिला माणसाची सवय लागली तर तिचं वाटोळं होईल, बाबा."

ती म्हणजे सतरा नंबर. लेक जनावरांना नाव देत नसे. नाव दिलं की हाक मारावीशी वाटते, असं तिचं म्हणणं. सतरा नंबर एका गटाराच्या लोखंडी जाळीत कमरेत अडकली होती, दीड दिवस. ती जाळी कापून काढायला कटर लागला. कमरेभोवती खोल जखम आणि डावा मागचा पाय लुळा. लेक पिंजऱ्यात जायची ती अंगावर राखाडी कोट, तोंडाला फडकं आणि ओठ शिवल्यासारखे मिटलेले. उंदीर, अंडी, काय ते फळीमागून आत सरकवायचं आणि उलट्या पावली बाहेर यायचं. महिनोन् महिने हे असं. घरात दोन माणसं, आणि दोघांनीही गप्प राहायचं.

आता बाबांची बाजूही ऐकली पाहिजे. पस्तीस वर्षं ते अडकलेल्या माणसांना बाहेर काढत होते. त्यांचा कामाचा क्रम ठरलेला. लिफ्ट बंद पडल्याचा फोन आला की आधी मशीन रूमकडे धावायचं नाही. आधी अडकलेल्या मजल्यावर जायचं, दाराला तोंड लावायचं आणि बोलायचं. मी मेकॅनिक आलोय, किती जण आहात, कुणाला दम लागतोय का, बटणं दाबू नका. मग वर जाऊन ब्रेक सोडायचा आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा ते न बोलताच वर गेले होते. आतल्या बाईला वाटलं, लिफ्ट कोसळतेय. तिने अर्धवट उघड्या दारातून बाहेर यायचा प्रयत्न केला आणि तिचा हात गेला. कोपरापासून. तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावला होता, की आत कुणी अडकलेलं असताना आपण बाहेर गप्प राहायचं नाही.

मग त्या दुपारी लेक कुठल्याशा गोदामातला साप धरायला गेली, घर सुनसान झालं, आणि पडद्यापलीकडे नखं फरशीवर घासल्याचा आवाज आला. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पुन्हा परत. बाबा वीस मिनिटं ऐकत पडून राहिले. वीस मिनिटं हा त्यांच्या हिशेबाने फार मोठा संयम होता. मग ते वॉकर धरून उठले, टकटक करत खिडकीपाशी गेले आणि पडदा बाजूला केला.

"काय बाई," ते म्हणाले, "किती दिवस झाले?"

घोरपड फुगली, फिसकारली आणि ओंडक्यामागे पळाली. बाबा तिथेच खुर्चीत बसले आणि तिला आपल्या खुब्याची साद्यंत हकिकत सांगितली.

हे तीन महिने चाललं. लेक बाहेर पडली की पडदा बाजूला. पहिल्या महिन्यात त्यांची ही बाई ओंडक्यामागून नुसती जीभ बाहेर काढायची. दुसऱ्या महिन्यात ओंडक्यावर येऊन बसू लागली. मग बाबांनी सकाळच्या उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग रुमालात दडवायला सुरुवात केली. खिडकीच्या जाळीचं भोक बोटाएवढं होतं, तेवढं पुरलं. शेवटी शेवटी तर वॉकरची टकटक ऐकली की बाई जाळीपाशी हजर. हनुवटी जाळीला टेकवून बसायची आणि बाबांच्या तोंडाकडे बघायची. बाबा तिला सगळं सांगायचे. लेक चिडचिड करते हे, आपल्यामुळे तिला चार तासांच्या वर बाहेर राहता येत नाही हे, रात्री हाक मारायची वेळ आली की मेल्याहून मेल्यासारखं होतं हे. लेकीच्या आईलाही कधी सांगितलं नसतं असं बरंच काही सांगितलं. यात आपण कुणाचं नुकसान करतोय असं त्यांना वाटलं नाही. उलट आपण तिला धीर देतोय, असंच ते धरून चालले होते.

जखम भरली. पाय चालू झाला, थोडा फेंगडा, पण चालू. मग वन्यजीव खात्याच्या मॅडम आल्या. सोडायच्या आधीची परीक्षा सोपी असते. अनोळखी माणूस पिंजऱ्यात शिरतो. जनावर पळालं, फुगलं, शेपटी मारली, तर पास. मॅडम आत शिरल्या मात्र, सतरा नंबरने असा शेपटीचा फटका मारला की मॅडमच्या हातातली वही उडाली. लेक तीन महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसली. मॅडमनी वही उचलली आणि सही करायला पेन काढलं.

नेमके तेव्हाच बाबा उठले. आपल्या बाईला निरोप द्यावा, एवढाच त्यांचा विचार. टक, टक, टक. पडदा मागे सारला.

सतरा नंबर ओंडक्यामागून बाहेर आली. मॅडमच्या पायाजवळून, त्यांच्याकडे न बघता, सरळ खिडकीशी गेली आणि हनुवटी जाळीला टेकवून बसली.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"ही सोडता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुठल्याही काठी टेकत चाललेल्या माणसासमोर जाऊन बसेल ही. आमच्या माहिती केंद्रात काचेची पेटी रिकामी आहे. तिथे ठेवू."

"किती मोठी पेटी?" बाबांनी विचारलं.

मॅडमनी दोन्ही हात पसरून दाखवले. हात पुरले.

"आणि किती दिवस?"

"दिवस नाही हो, काका. कायमची. पंधरा वर्षं जगतात या."

लेकीने हात जोडून तीन आठवडे मागून घेतले. मॅडम गेल्यावर तिची तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन गोष्टी सांगितल्या होत्या! तीन! तोंड मिटून एवढीशी कळ काढता आली नाही तुम्हाला?" ती ओरडली. बाबा खुर्चीत बसून ऐकत राहिले. खोलीतून निघून जायची सोय त्यांना नव्हती, आणि लेकीलाही फार लांब जायची नव्हती. ती पाणी पिऊन आली आणि समोर उभी राहिली.

"आता ऐका. ती मला घाबरते. मॅडमना घाबरते. घाबरत नाही ती फक्त तुम्हाला. म्हणजे घाबरवायचंही तुम्हीच." तिने पिचकारीची बाटली, ताट आणि पळी त्यांच्या मांडीवर ठेवली. "ती जवळ आली की पाणी मारायचं, ताट बडवायचं, ओरडायचं. रोज दोनदा. ती तुमच्या आवाजाने पळेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी लेक बाहेर गेली. बाबा टकटक करत खिडकीशी गेले. बाई आली. बाबांनी पळी उचलली. बाईने हनुवटी टेकवली. पळी तशीच खाली आली. "असू दे," बाबा म्हणाले, "आजचा दिवस असू दे." संध्याकाळी लेकीने विचारलं तर त्यांनी, बडवलं की, असं सांगितलं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी लेकीने काही न विचारता त्यांचा वॉकर उचलला, खिडकीशी नेला आणि जमिनीवर आपटला. टक, टक. सतरा नंबर धावत जाळीशी आली.

बाबांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण लेक या वेळी ओरडली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"नऊ नंबर आठवते? छोटी होती. तुम्हाला फोटो पाठवला होता."

"सोडलीस की तिला. तूच सांगितलंस."

"तिला मी हाताने भरवलं होतं. जबडा मोडला होता तिचा, दुसरा इलाज नव्हता. मग तीही अशीच जवळ यायला लागली. मी ते लपवलं. परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले नाही, म्हणून पास झाली. बाराव्या दिवशी एका कारखान्याच्या गेटवरून फोन आला. जेवायला बसलेल्या कामगारांच्या मध्ये जाऊन बसली होती. घाबरून मारली त्यांनी. त्यांचाही दोष नाही. ती पळालीच नाही म्हणाले, मारताना पण पळाली नाही." तिने नाक पुसलं. "पोत्यात घालून दिली मला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

बाबांनी पिचकारी मागितली.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पाणी मारलं. बाई दचकली, एक पाऊल मागे गेली, जीभ काढून ओला वास घेतला आणि परत पुढे आली. तिला वाटलं असणार, काहीतरी चुकलं, आता अंडं मिळेल. बाबांनी पुन्हा मारलं. ताट बडवलं. "नीघ!" म्हणाले. आवाज इतका मऊ निघाला की लेक दाराआडून म्हणाली, "बाबा, असं कुणी घाबरत नाही." मग ते खरंच ओरडले. बाई ओंडक्यामागे गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा डोकं काढून बघू लागली. ते बघणं बाबांना सहन होईना. मारणारा हात आपला आणि ती आडोसाही आपलाच शोधतेय, हे त्यांच्या काळजाला घरं पाडत गेलं. पण थांबलं तर काचेची पेटी, आणि पुढे गेलं तर हे. तिसरा रस्ताच नव्हता. सकाळचं अंडं त्यांनी बंद केलं. घशाखाली उतरत नाही म्हणाले.

दहाव्या दिवशी टकटक ऐकून बाई जागची हलली नाही. चौदाव्या दिवशी पळाली. अठराव्या दिवशी तिने त्यांच्या दिशेने फुगून फिसकारलं, आणि लेकीने आनंदाने टाळी वाजवली. बाबाही हसले. मग बाथरूममध्ये एकटेच गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. लेकीने त्या दिवशी ते चालवून घेतलं.

मॅडमनी दुसऱ्या परीक्षेला बाबांनाच आत पाठवलं. वॉकरवर शेपटीचा सणसणीत फटका बसला. पास.

सोडायच्या सकाळी लेक म्हणाली, "तुम्हीही चला. पिंजऱ्यातली गोष्ट वेगळी. मोकळ्या जागेत ती मागे वळली, तर वळेल ती तुमच्याकडेच." चार महिन्यांत बाबा पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडले. शहराच्या टोकाला, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रापलीकडे दलदल होती, कमरेएवढ्या गवताची. ऊन चांगलं तापलं होतं. मॅडम वही घेऊन उभ्या राहिल्या. लेकीने पेटी खाली ठेवली, दार वर ओढलं आणि मागे सरली.

बाई बाहेर आली. जीभ काढून तिने सगळीकडचा वास घेतला. गवत, चिखल, पाणी, पलीकडचा रस्ता. एवढी मोठी जागा बघून ती थिजलीच असावी. मग ती वळली. पंधरा हातांवर बाबा उभे होते, त्यांच्याकडे तिने दोन पावलं टाकली. डावा पाय फेंगडा पडला. मॅडमचं पेन वहीवर थांबलं. लेक हलली नाही, पण तिच्या मुठी आवळल्या गेल्या होत्या.

बाबांनी वॉकर उचलून आपटला. "चल नीघ!" ते ओरडले. "तोंड दाखवू नकोस मला! कुणाच्या भरवशावर राहिलीस? हो चालती!" आयुष्यात कुणाला, अगदी साहेबाला सुद्धा, ते असे बोलले नव्हते. बाई जागच्या जागी दचकली, गर्रकन फिरली आणि सुसाट गवतात घुसली. गवताची एक रेघ पाण्याच्या दिशेने हलत गेली, मग तीही थांबली.

मॅडमनी सही केली. लेक बाबांजवळ आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे, बाबा. गेली ती. पुरे आता."

बाबांना दिसत होतं ती गेली ते. तरी ते ओरडत राहिले, घसा फाटेपर्यंत, जे तोंडाला येईल ते. कारण क्षणभर जरी थांबले असते, तरी त्यांनी तिला हाक मारली असती.