चिकटवायची राहिलेली चिठ्ठी

तैवानमधल्या काओशुंगच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरायचा थांबला आणि आमची निळी बॅग आलीच नाही. त्या दुपारी दोन म्हाताऱ्या माणसांची सगळी भिस्त एकदम माझ्यावर आली.

मित्रांनो, मी एक जुनी औषधवही आहे. तळहाताएवढी, कोपरे झिजलेली. आमच्या जपानात औषधाच्या दुकानातून अशी वही मिळते. औषध घेतले की त्याची छापील चिठ्ठी माझ्या पानावर चिकटवतात. कोणते औषध, किती, केव्हा, सगळे त्यात असते. मी ओनोमिचीच्या मिसाएआजींची. त्यांच्या हृदयाची झडप बदलली, त्या वर्षी मी त्यांच्या घरी आले. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. ती चुकली तर रक्ताची गुठळी होणार आणि जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. माझ्या चिठ्ठ्या त्यांचे यजमान तोकुजीआजोबा सांभाळत. "इतकी नीट वही दुसऱ्या कुणाची नाही," असे दुकानदारीणबाई म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

"बॅग आधी पाठवून द्यायची आणि हात हलवत जायचं, ही तुमचीच हौस ना?" आजी म्हणाल्या.

"तीस वर्षं तसंच करतोय. कुरियरवाले विमानतळावर आणून देतात, तिथून विमानात. कधी हरवली नाही."

"आता हरवली. माझी दहा दिवसांची औषधं आत आहेत."

"वही आहे ना हातात! वहीत आहे ते पक्कं."

मित्रांनो, ते पक्के नव्हते. मला ते ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते.

त्यांची मुलगी चिहारु तिथेच राहते. तिला नुकतीच मुलगी झाली होती, म्हणून तर हा प्रवास. तिने त्यांना तडक एका छोट्या दवाखान्यात नेले. तिने माझे पान वाचून दाखवले, डॉक्टरांनी तेच लिहून दिले. रक्त तपासायला हवे, पण दोन दिवस सुट्टी, तेव्हा सोमवारी या, असे ते म्हणाले.

घरी आल्यावर आजींनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तळहातावर घेतल्या.

"तीन? माझ्या पुडीत एवढ्या असायच्या का हो?"

"तू कधी मोजल्यास? पुडी फाडतेस आणि तोंडात टाकतेस."

ते खरे होते. आमच्या दुकानात एका वेळच्या सगळ्या गोळ्या एकाच पुडीत बंद करून देतात. त्यामुळे कोणीच मोजत नाही.

चिहारुने पाण्याचा पेला पुढे केला. आजींनी तो घेतला, पण दुसऱ्या हाताने मला उघडले.

"शेवटची चिठ्ठी मार्चची आहे. आपण मे महिन्यात गेलो होतो. माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून."

आजोबांचा चेहरा उतरला. "त्या दिवशी मी वही घरी विसरलो होतो. दुकानातल्या बाईंनी चिठ्ठी सुटी दिली. म्हटलं, नंतर चिकटवीन."

"ती कुठे आहे?"

"फ्रिजवर. चुंबकाखाली."

शेजारच्या हात्तोरीबाईंकडे घराची किल्ली होती. त्यांना फोन लावला. त्या धापा टाकत आत शिरल्याचे सगळ्यांना ऐकू आले.

"हा फ्रिज आहे की गावचा सूचनाफलक? कचऱ्याचं वेळापत्रक, दातांचा डॉक्टर... थांबा. मे महिन्याची आहे. दोन गोळ्या."

"नक्की दोन ना?"

"अहो, डोळे म्हातारे झाले माझे, पण दोन आणि तीन कळतात मला!"

आजींनी तिसरी गोळी टेबलावर ठेवली. चिहारुने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोनच घ्या. मग आजी दोन गोळ्या पाण्याबरोबर गिळून नातीजवळ जाऊन बसल्या. आजोबा मात्र बराच वेळ त्या एका गोळीकडे बघत राहिले.

बॅग तिसऱ्या दिवशी आली. सोमवारी रक्त तपासले, ते ठीक निघाले.

घरी परतल्यावर आजोबा ती चिठ्ठी काढायला गेले, तर आजी म्हणाल्या, "असू द्या तिथेच. रोज दिसेल, म्हणजे पुन्हा विसरणार नाही तुम्ही." आजोबांनी माझ्यात तिची जागा सोडली आणि पुढच्या साऱ्या चिठ्ठ्या त्याच दिवशी चिकटवल्या. दोन वर्षे.

गेल्या हिवाळ्यात मिसाएआजी न्यूमोनियाने गेल्या. तेव्हापासून मी खणात आहे. माझी अकरा पाने कोरी आहेत.

मित्रांनो, परदेशी जाताना औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. कोणती गोळी किती घेता, ते स्वतः मोजून ठेवा. माझ्यासारख्या वहीवर भरवसा ठेवा, पण तिला अर्धवट ठेवू नका. अर्धवट वही खोटे बोलते, आणि तिला ते थांबवता येत नाही.

काल सकाळी आजोबांनी मला बाहेर काढले. मार्च आणि जुलैच्या मधली जागा उघडली. चुंबक उचलला, चिठ्ठी हातात घेतली. मग पुन्हा होती तिथेच लावली.

ती चिकटवायची राहिली आहे.