घोटभर चमत्कार

पहिला घोट

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल. खुर्च्या संपल्या, आता लोक खिडक्यांत बसलेत. मधोमध स्टुलावर एक बाई, मान वर, गळ्यावर दिव्याचा झोत. गळ्यात लिंबाएवढी गाठ. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, हातात पेला. लोक त्याला घोटवाला म्हणतात. तो स्वतःला जे म्हणवतो ते फलकावर तीन ओळींत मावलंय.

"गाठ म्हणजे काय? अडकलेलं दुःख. पाणी त्याला म्हणतं, चल बाबा, निघ. घ्या ताई."

बाई घोट घेते. गाठ टुणकन वर चढते.

"बघितलंत? वाट शोधतेय!"

गाठ पुन्हा खाली येते. पण तोवर सगळे टाळ्या वाजवण्यात गुंग.

ती बाई माझी वहिनी.

मधे एक ठसका

वहिनी बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करते. हल्ली तिचा आवाज घोगरा झालाय. प्रवासी म्हणतात, स्पीकर बदला.

"वहिनी, हॉस्पिटलात चला."

"ते कापणार. आवाज गेला तर नोकरी गेली. हा नुसतं पाणी देतो."

"पाणी घरीही आहे."

"भावोजी, तिथे चार महिन्यांनी नंबर आहे. इथे जिना चढला की लागतो."

परदेशातल्या माझ्या ताईच्या गळ्यातही गाठ निघाली होती. तिळाएवढी, भलत्याच तपासणीत. तिथले डॉक्टर म्हणाले, घाई नाही, लक्ष ठेवू. दर तपासणीनंतर ताई फोनवर तिथल्या कॉफीला नावं ठेवते. इकडे वहिनीची लिंबाएवढी, आणि लक्ष ठेवायला घोटवाला.

दुसरा घोट

एकदाचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण, डोळ्यांत झोप. गळा बघितला आणि स्टीलचा पेला पुढे केला.

"पाणी प्या."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुम्हीपण त्यांच्याच हाताखाली शिकलात?"

"कुणाच्या?"

मी सांगितलं. डॉक्टरीण हसली, मग हसायची थांबली. "थायरॉइड श्वासनळीला धरून असते. गिळताना नळी वर उचलली जाते, ग्रंथी तिच्याबरोबर, गाठ ग्रंथीबरोबर. गाठ कुठली आहे हे ओळखायची ही आमची पहिली परीक्षा. ती निघून जात नसते काकू, पत्ता सांगत असते. आवाज कधीपासून बसलाय?"

"पाचेक महिने झाले असतील."

"नंबर घेताना सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

डॉक्टरीणीने सुई मागवली. त्याच दिवशी गाठीत सुई घालून नमुना घेतला. कॅन्सर निघाला.

तिसरा घोट, कोरडा

ऑपरेशनच्या आधी वहिनी पुन्हा तो जिना चढली. मला वाटलं, गेली हातची. स्टुलावर बसली. घोटवाल्याने पेला पुढे केला. तिने तो खाली ठेवला आणि हॉलकडे तोंड करून, स्थानकावर बोलते तशी, बोलली.

"सगळ्यांनी गळ्यावर हात ठेवा. आता आवंढा गिळा."

सगळ्यांनी गिळला. ज्यांना गाठ होती त्यांची वर चढली, ज्यांना नव्हती त्यांच्या बोटांखाली गळा हलला. घोटवाल्यानेही, घाबरून असेल, आवंढा गिळला. भर दिव्यात त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला.

"तुमचं काय निघालं महाराज?" खिडकीतला सुतार म्हणाला.

हॉल हसला. घोटवाला म्हणाला, "माझी कृपा आता पाण्याशिवायही पोचते." यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. फक्त दोघांनी.

न गिळता आलेलं

गाठ निघाली. पण आवाजाची एक नस तिच्यात पार गुरफटली होती, ती वाचली नाही. वहिनी आता कुजबुजल्यासारखं बोलते. चार महिन्यांपूर्वी आली असती तर नस वाचली असती का? डॉक्टरीण म्हणते, कदाचित. त्या चार महिन्यांत घोटवाल्याने टाळ्या घेतल्या आणि हॉस्पिटलाने तारीख दिली. कुणी जास्त बिघडवलं, ते मला ठरवता येत नाही.

तर सरळ सांगतो. गळ्यात गाठ दिसली तर तपासून घ्या. बहुतेक गाठी साध्या निघतात, आणि कॅन्सर निघाला तरी वेळेवर गेलेले बहुतेक जण बरे होतात. चमत्कार दाखवणाऱ्याला एकच विचारा: हे तुझ्याशिवायही होतं का?

परवा तो सुतार घरी आला, मफलर गुंडाळून. हॉस्पिटलात नंबर लांबचा मिळालाय म्हणाला, तोवर काय करू? वहिनीने मफलर सोडवला, गळा बघितला आणि चपला घातल्या.

"चल," ती कुजबुजली. "त्यांनी काय काय विचारायला हवं, ते मी त्यांना सांगते."