एका ओढीत सुटणारा आकडा

"मास्तर, पुढची वाघीणही रिकामी करणार ना? मग मी थांबतो," चुंगा म्हणाला.

साखर कारखान्यात उसाने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या करणाऱ्या म्हाताऱ्या दोमिंगोने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "सकाळपासून सात पाहिल्यास. आता काय, बंदरात ऊस लावणार आहेस?"

"उसाचं मला काय करायचंय? मी ती खिट्टी बघतोय."

दोमिंगोने हातोडीचा हलकासा टोला दिला. खिट्टी उडाली, वाघिणीची बाजू धाडकन खाली पडली आणि चार टन ऊस गडगडत बाहेर आला.

"आतून एवढा रेटा असताना टोला इतका हलका कसा पुरतो?"

"रेटा बिजागरीच्या खिळ्यावर येतो. खिट्टीच्या वाट्याला थोडासाच." म्हातारा हातोडीवर टेकला. "तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हे."

सालावेरी बंदराला परतताना चुंगाने बसमध्ये सिगारेटच्या पाकिटावर चार आकृत्या काढल्या आणि तीन खोडल्या.

जहाजातून आलेल्या जाड दोराचा फास धक्क्यावरच्या खुंट्यात अडकवायचा आणि जहाज निघालं की काढायचा, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. पण या किनाऱ्यावर समुद्र अचानक उसळतो. मग दोर पहारीसारखा ताठ होतो, फास बोटभरही हलत नाही आणि कुऱ्हाड चालवावी लागते. दोन वर्षांपूर्वी ती त्याच्या जोडीदाराने, निकानोर आस्मातने चालवली. तुटलेलं टोक उलटं आलं आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून घेऊन गेलं. तेव्हापासून निकानोर घरी बसून जाळी विणत होता. बंदराकडे तो फिरकला नव्हता.

ताठ झालेला दोरही त्या खिट्टीसारखा सोडेल असा आकडा बनवायला चुंगा रोज काम सुटल्यावर बंदराच्या कारखान्यात लोखंड घासत बसे. पहिला आकडा ट्रकने जरा ओढताच आपसूक उघडला. दुसरा ताण आल्यावर असा आवळला, की घणाने ठोकावा लागला. म्हणजे एक तरफ पुरत नव्हती. तिला अडवायला मागे आणखी एक, धाकटी, हवी होती. हे कळायला आठ महिने गेले. तिसरा आकडा एका खुंट्याजागी बसवायला बंदराच्या कप्तानाने परवानगी दिली.

आकड्याच्या चाचणीच्या सकाळी चुंगा निकानोरच्या दारात गेला.

"भावोजी, बंदराचं नाव काढू नका त्यांच्यासमोर," निकानोरची बायको सोइला हळूच म्हणाली.

"काढू दे," आतून निकानोर म्हणाला. "माझ्या कुबड्या कुठेत?"

साखर भरायला आलेल्या जहाजाने दोर इतका ताणला, की तो गुणगुणायला लागला. जहाजावरची माणसं बाजूला झाली. आकड्यापासून वीस पावलांवर चुंगाने एक बारीक दोरी निकानोरच्या हातात दिली.

"ओढ."

"किती जोरात?"

"जाळ्याची गाठ आवळतोस तेवढ्या."

निकानोरने ओढली. आकडा मान टाकल्यासारखा खाली झुकला, फास सुटला आणि दोर सपकन पाण्यात गेला. कप्तान "छान" म्हणाला. निकानोर मात्र हातातल्या दोरीकडे बघत होता.

"इतकंच?"

"इतकंच."

तरफा कशा लावल्यात, खिळा कुठे आहे, सगळं समजावून सांगायचं असं चुंगाने ठरवलं होतं. पण निकानोरचा चेहरा पाहून त्याने आकड्यापाशी जाऊन तो पुन्हा उभा केला.

"पुन्हा लाव," निकानोर म्हणाला.

ओला दोर वर ओढला, अडकवला, ताणला. निकानोरने ओढली. सुटला.

"पुन्हा."

तिसऱ्या खेपेला कप्तान घड्याळ बघून निघून गेला. पाचव्या खेपेला दोर वर ओढणाऱ्यांतला एक जण कुरकुरला, "चालतोय की आकडा. अजून किती वेळा?"

"त्याचं होईपर्यंत," चुंगा म्हणाला आणि फास उचलायला वाकला.