श्रद्धांजलीच्या फलकावरची लाल गाडी

मी एक जुनी लाल गाडी आहे. तशी फार जुनी नाही, पण वेगासाठी बनवलेल्या गाड्या लवकर म्हाताऱ्या होतात, कारण त्यांना कुणी हळू वागवत नाही. सध्या मी पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत, पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. पण आधीच सांगून ठेवते, तुमच्याविषयी माझे मत चांगले नाही. मला बघितले की तुम्ही विचारता, किती पळते? आणि तुमचे वडील विचारतात, शेवटचे किती? एवढ्या दोन प्रश्नांत तुमचे कुतूहल संपते.

कारखान्यात माझ्या इंजिनात इतर गाड्यांपेक्षा जास्त दम भरला गेला. चाके रुंद बसवली, बैठक जमिनीलगत ठेवली. ज्या हातांनी हे केले त्यांनी ते मन लावून केले, हे मी मान्य करते. त्यानंतर मला प्रवीण नावाच्या नवी मुंबईतल्या साहेबाने लीजवर घेतले. लीज म्हणजे भाड्याने राहणे. हप्ता पगारातून परस्पर जातो, कर वाचतो, दुरुस्तीची काळजी दुसऱ्याच्या गळ्यात, आणि मुदत संपली की गाडी परत. व्यवहार चोख होता. पण भाड्याच्या खोलीत खिळा ठोकताना माणसाचा हात अडत नाही, तसे त्याचे माझ्याशी वागणे होते. माझ्यासारख्या इंजिनात आधी तेल वर चढू द्यावे लागते. तो मात्र सकाळी इंजिन थंडगार असतानाच पाय दाबायचा. दोस्तांना मला दाखवताना म्हणायचा, "डील बघ काय मारलंय." मुदत संपली त्या दिवशी त्याने डॅशबोर्डवरचा गणपती नखाने खरवडून काढला, चावी टेबलावर टाकली आणि मागे वळून न बघता निघून गेला.

मग पनवेलजवळच्या एका वाहन बाजारात मी धूळ खात उभी राहिले. तिथे महिपती आला. त्याने सगळा जन्म महाड एमआयडीसीत कामगारांची बस चालवली होती. पाळी सुटली की कामगार भरायचे आणि वेग बांधून दिलेली ती बस ओढत न्यायची. निवृत्त झाल्यावर त्याला एकदाच वेगाची गाडी हवी होती. ती स्वस्तात मिळावी म्हणून तो किती तरी दिवस मोबाईलवर आणि बाजारांतून शोधत होता.

"काका, ही पोरांची गाडी. तुम्हाला छोटी पेट्रोल दाखवू?" विक्रेता म्हणाला.

"पोरांचीच दाखव. म्हातारपणाची मग बघू."

त्याने आधी माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला. "ही तापवून कुनी ठेवली?"

"जरा चालू करून बघितली, काका."

"मग उद्या येतो. थंड ठेव. थंड इंजिनच बोलतं खरं."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा एसटीने आला. चारही टायर एकाच जातीचे आहेत का ते बघितले, गालिचा उचलून पत्रा बघितला. मग विचारले, "हिला सांभाळायचं कोन?"

विक्रेता हसला. "लीजची गाडी, काका. तिला कोण सांभाळणार?"

महिपतीला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्याने मला घेतले.

वाडीत आल्यावर त्याची बायको तुळजाबाई माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "येवढी बुटकी आनलीन? हिच्यात बसायचं का निजायचं?" शेजारची चंद्रभागा म्हणाली, "बस कधी उडाली नाय, म्हनून आता ही हाय गो." महिपती मला चालू करायचा, आणि तेल चढेपर्यंत चारही काचा पुसायचा. मग आम्ही आंबेनळी घाटात जायचो. तो मला पळवायचा, खोटे कशाला बोलू? पण वळणावर त्याने कधी एसटीला ओलांडले नाही. त्याची मुलगी तेजश्री एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत काम करते. कधी ती शेजारी बसायची, दोन्ही हातांनी बैठक धरून. गाडी शिकायची गोष्ट निघाली की म्हणायची, "शिकेन हो बाबा, घाई काय आहे?"

मग महिपती आजारी पडला. त्याला मुंबईला नेले, आणि तिथेच तो गेला. या डोंगरातल्या प्रत्येक वाडीचे मुंबईत एक मंडळ असते. नोकरीला गेलेली माणसे ते चालवतात, आणि गावाच्या नावाने तिथे एक खोलीही ठेवतात. मंडळानेच रुग्णालयातली धावपळ केली, रुग्णवाहिका ठरवली, त्याला गावी आणले. पोलादपूरच्या नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर माझ्याशेजारी उभे राहून काढलेला त्याचा फोटो होता. तो फोटो कापून मोठा केला तरी माझा अर्धा तोंडवळा त्यात राहिला.

मित्रांनो, त्या फलकासमोरून शेकडो माणसे गेली. एकाने थांबून फलकावरच्या माणसाकडे नव्हे, माझ्याकडे बघितले.

तो पांढरा शर्ट घालून आला आणि शोकाला बसलेल्या माणसांत जाऊन बसला. अशा घरात आलेल्याला कुणी विचारत नाही, तुम्ही कोण? ते वाईट दिसते. वाडीतल्यांना वाटले, हा मुंबईच्या मंडळाचा. मुंबईहून आलेल्यांना वाटले, हा इथलाच कुणीतरी पाहुणा. तो जेवला, चहा प्याला, महिपती फार मोठ्या मनाचा होता असेही म्हणाला. मग लघवीचे निमित्त करून माझ्यामागे येऊन फोनवर बोलू लागला.

"गाडी एक नंबर हाय. माणूस गेलाय, घरात कुणाला भाव माहीत नाय. आत्ताच उचलायची. एकदा पोरी रडायच्या थांबल्या की शहाण्या होतात." मग समोरच्याचे ऐकून तो हसला. "रेंटलला लावू. पोरं येतात ना किल्ला बघायला, महाबळेश्वरला. फाडू दे त्यांना."

हे फक्त मी ऐकले. मला चार दिवे आहेत, कर्कश भोंगा आहे, पण जीभ नाही.

दहाव्याच्या दिवशी तो पुन्हा आला, आणि सगळे ओटीवर बसले असताना त्याने महिपतीच्या धाकट्या भावाकडे, रावजीकडे, विषय काढला. गाडी नुसती सडेल, त्यापेक्षा मी नेतो, थोडेफार देतो. रावजी लोभी नव्हता. पण ज्या मंडळाने भावाला शेवटचे घरी आणले, त्याचा माणूस तोंड उघडून मागतो आहे, त्याला नाही कसे म्हणायचे? त्याने चार लोकांसमोर शब्द दिला आणि खुंटीवरची चावी काढून त्याच्या हातात ठेवली.

तो आत बसला. मला कित्येक दिवसांत कुणी चालू केले नव्हते. त्याने चावी फिरवली आणि त्याच क्षणी पाय दाबला. माझ्या आतले सगळे लोखंड कोरडेच घासले. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

तेजश्री पिठाच्या हातांनी बाहेर आली. "बंद करा."

"अगं, काकांनी दिलीय मला. विचार त्यांना."

"मंडळाच्या मान्सानं मागितली," रावजी म्हणाला. "मी दिली."

तिने त्या माणसाला विचारले, "तुम्ही मंडळाचे का? मग मुंबईत गावच्या खोलीवर येत असाल."

"येतो ना. नेहमी."

"कुठे आहे खोली?"

"घाटकोपरला."

मंडळाचा कुशाबा पान खात होता. त्याने तोंड रिकामे केले. "आमची खोली शिवडीला हाय. मी ह्याला तुमचा पावना समजत होतो. दोनदा वाढलाय ह्याला मी, भात मागून घेतलान."

कुणीतरी हसले. रावजीची मान खाली गेली. "शब्द दिलाय मी, तेजू. लोकांसमोर."

"तुम्ही तो मंडळाला दिलात, काका. याला नाही."

तिने हात पुढे केला. माणूस उतरला, पण चावी देताना म्हणाला, "ठेवा, मॅडम. पावसाळा जाऊ दे. बॅटरी बसेल, टायर एका जागी चपटे होतील, उंदीर वायरी खातील. मग याच भावाला तुम्ही मला शोधत याल."

तो गेला. त्याच्या पाठोपाठ रावजीही उठला आणि खाली आपल्या घरी गेला. पुतणीने शब्द मोडला तो मोडला, तोही माणसांत. तेराव्याला तो आला नाही. तुळजाबाई निरोपावर निरोप धाडत राहिली.

मित्रांनो, त्या माणसाचे बहुतेक बोलणे खरे ठरले. माझी बॅटरी बसली आहे. एक वायर उंदराने कुरतडली. तेजश्री महाडला गाडी शिकते आहे, पण दुसऱ्याच्या साध्या गाडीवर. मला चालवायची तिची हिंमत अजून होत नाही. तिला फोन येतात. शेवटचे किती, असेच लोक विचारतात, आणि ती फोन ठेवते.

तुम्हालाही मोठे झाल्यावर माझ्यासारखी गाडी स्वस्तात हवी असेल. भाड्याने घ्या, विकत घ्या, घासाघीस करा, माझी हरकत नाही. पण इंजिन थंड आहे तोवर पाय आवरा. आणि ज्या घरात माणूस गेला आहे तिथे गाडीसाठी जाल तर दारातच सांगा की गाडीसाठी आलो. त्या घरचा भात खाऊन मग सांगू नका.

आता महिनाभर एक गोष्ट होते आहे. रविवारी सकाळी, तुळजाबाई ओढ्यावर आणि तेजश्री शिकायला गेलेली असताना, रावजी एकटाच वर येतो. ओटीवर चढत नाही. माझ्या मागे उभा राहतो, पायाने दगड रोवतो आणि मला अर्धे चाक पुढे ढकलतो. पुढच्या रविवारी अर्धे चाक मागे. टायर एका जागी बसू नयेत म्हणून. तो कुणाशी बोलत नाही. मी त्याला माफ केलेले नाही. पण माझी चाके अजून गोल आहेत.