यादीतलं शेवटचं नाव

मी कंजूष नाही, हिशेबी आहे, असं मी आयुष्यभर म्हणत आले. नऊ वर्षं झाली, आता म्हणत नाही.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी आमच्या गावची शाळकरी पोरं दुपारी बारापासून दारोदार फिरतात आणि टपालाच्या तिकिटांची मागणी लिहून घेतात. तिकिटावर किंमत नसते, नुसता एकचा आकडा असतो. टपालाचे दर कितीही वाढोत, ते चालतंच. घेताना चार पैसे जास्त पडतात, ते अडल्यानडल्या मुलांसाठी जातात.

नऊ वर्षांपूर्वी त्या बुधवारी साडेबाराला शेजारच्या टिनेकेची फेन्ना आली. नऊ वर्षांची, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला.

"मार्खीनकाकू, तुमचं तिकिटांचं एक पान लिहू की दोन?"

"एकही नको. मागच्या वर्षीची पडलीत घरात. ती काय नासतात होय?"

"पण हे तिकिटांसाठी नसतंच मुळी! मुलांसाठी असतं!"

"मग मुलांना सांग, काकूच्या कपाटात जागा नाही."

माझ्या विनोदावर मीच हसले. ती नाही हसली. "आख्खी गल्ली आहे माझ्या यादीत, तुम्हीच नाही," एवढं म्हणून पायऱ्या उतरली. मी दार लावलं.

संध्याकाळी ती कालव्यात सापडली. लाकडी धक्क्यावर यादी होती, उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवलेला. शेवटचं नाव माझं. दोन पानं. पुढे माझी म्हणून केलेली गिचमीड सही. कडेला बसून, कुणी बघणार नाही असं लिहिलं असणार पोरीनं, आणि उठताना पाय घसरला असणार. मी हो म्हटलं असतं, तर लिहिणं माझ्या उंबऱ्यावरच उरकलं असतं.

नोव्हेंबरात मागणीची तिकिटं आली; फेन्नाच्या यादीतली टिनेकेनं स्वतः घरोघरी वाटली. माझी दोन पानं माझ्या हातात ठेवून म्हणाली, "शेवटचं दार तुझं होतं गं. तिथं तिला नकार नाही ऐकावा लागला. एवढ्यावर मला झोप लागते." मी पैसे दिले, खरं सांगितलं नाही.

तेव्हापासून दर बुधवारी साडेबाराला माझ्या दाराची घंटा वाजते. उघडावं तर कुणी नसतं. पायरी तेवढी ओली असते, लख्ख उन्हातसुद्धा. मी घंटेची तार कापून टाकली, तरी वाजते. म्हातारीला भ्रम झाला म्हणा, माझी ना नाही. मला भीती वाटते, दर वेळी वाटते. तरी मी उघडते, कारण एकदा लावून झालंय.

यंदा मात्र सहन होईना. मी टिनेकेकडे गेले. तिनं कॉफी ओतली, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कपाटातल्या जागेचा विनोदसुद्धा.

ती कॉफी ढवळत राहिली. साखर घातलीच नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"टिनेके, अगं ती सही माझी नव्हती."

"माहितेय. माझ्या पोरीचं अक्षर मला कळत नाही होय?"

"मग इतकी वर्षं..."

"मग काय? तू हो म्हणालीस. दोन पानं लिही म्हणालीस." तिनं माझं मनगट धरलं. "काय खायला दिलंस तिला?"

मी रडायला लागले. तिनं मनगट सोडलं नाही.

"काय दिलंस, मार्खीन?"

"बिस्कीट," मी म्हणाले. "दालचिनीचं."

"एकच?"

"दोन. एक खिशात घातलं तिनं."

"हां. खिशातच घालायची ती." टिनेकेनं डोळे मिटून घेतले. "आता पहिल्यापासून सांग. सावकाश. आणि उद्यापण ये."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.